डच जोडशब्द: सिलॅबल मोजण्याआधी सांधा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना: आइंडहोव्हनला येऊन दोन वर्षं झाली, डचचा क्लास चालू आहे, सुटे शब्द जमतात पण लांबलचक जोडशब्द आला की जीभ अडखळते. टीचरने सांगितलं की सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) पाडा आणि स्ट्रेस, म्हणजे जोर, पहिल्यावर द्या, तसं केलं तरी ऑफिसमधले लोक 'काय?' म्हणून परत विचारतात. सोबत सहा शब्दांची यादी दिलीत, निवास परवाना, बालसंगोपन, नगरपालिकेची इमारत, संध्याकाळचं जेवण, इंटिग्रेशनची (स्थलांतरितांसाठीची) परीक्षा आणि रेल्वे फाटक, आणि विचारलंत की याला काही पक्का नियम आहे की पाठच करायचं.

मी नेदरलँड्समध्ये बारा वर्षं डच शिकवतेय, बहुतेक आपल्याच लोकांना, आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टलव्हेनला जास्त. सगळ्यांचं अडतं ते याच जागी. नियम आहे, चांगला आहे, पण तुम्ही तो उलट्या टोकाने लावताय. तुम्ही आधी अक्षरं बघून सिलॅबल पाडता, मग स्ट्रेस ठेवता. जोडशब्दात आधी बघायचं की हा शब्द कुठल्या दोन शब्दांचा बनलाय, सांधा कुठे आहे. तो सापडला की सिलॅबल आणि स्ट्रेस दोन्ही त्याच्या मागून येतात, वेगळे शोधावे लागत नाहीत.

पुढे जायच्या आधी दोन गोष्टी. डच आवाज देवनागरीत अंदाजेच उतरतात, 'ख' लिहिलाय तो घशातून खरवडलेला ख समजा. आणि जिथे जोर आहे त्या तुकड्याच्या आधी मी ' अशी खूण टाकलीये. दुसरं म्हणजे तुम्हाला हे कशासाठी हवंय त्यावर थोडं अवलंबून आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडून लिहायचा असेल तर त्याचे नियम लेखी आहेत, डच भाषासंघाच्या अधिकृत शब्दसूचीत प्रत्येक शब्द कुठे तोडायचा ते दिलेलं असतं, तिथे बघा आणि मोकळे व्हा. तुमचा प्रॉब्लेम बोलण्याचा आहे असं धरून लिहितेय. दोन्ही बऱ्याच ठिकाणी जुळतं पण सगळीकडे नाही, उदाहरणार्थ संध्याकाळ म्हणजे 'आव्हॉन्त, बोलताना त्याचे सरळ दोन तुकडे पडतात, पण लिहिताना पहिला स्वर एकटा मागे ठेवून ओळ तोडत नाहीत.

आता सांधा. साध्या, न जोडलेल्या शब्दात डचचा हिशोब सोपा आहे: दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जातं, दोन असतील तर साधारण एक इकडे एक तिकडे. हे तुम्हाला क्लासमध्ये शिकवलंय आणि ते बरोबरच आहे. गडबड अशी की तुम्ही हाच हिशोब जोडशब्दाला सलग लावता, आणि जोडशब्दात सांध्यावर हा हिशोब थांबतो. फॅमिली डॉक्टरला म्हणतात 'हाउस-अर्त्स, घर अधिक डॉक्टर. साध्या नियमाने त्यातला स पुढे ढकलून 'हाउ-सर्त्स' होईल, आणि मी हे खरंच ऐकलंय, एका विद्यार्थ्याने फोनवर दोनदा तसं म्हटलं आणि पलीकडच्या बाईंना कळेना की याला हवंय काय. तुमच्या यादीतलं बालसंगोपन तसंच: 'किन-दर-ऑप-फंग, म्हणजे मुलं अधिक सांभाळ, त्याचं 'किन-द-रॉप-फंग' करू नका.

हे मराठी माणसाला खरं तर अवघड जायला नको, कारण आपण रोज तेच करतो. 'हातउसने' शब्द बघा, कुणी 'हा-तुसने' म्हणतं का? पाणउतारा हा पाण आणि उतारा, 'पा-णुतारा' नव्हे. सांध्यापाशी आपण आपोआप पाऊलभर थांबतो कारण दोन्ही शब्द आपल्या कानात आधीच आहेत. डचमध्ये ते कानात नसतात म्हणून डोळ्याने अक्षरं मोजत बसतो. म्हणून शब्दसंग्रह वाढवा हा सल्ला बोअरिंग असला तरी इथे तोच खरा उपाय आहे, आणि त्यातही आधी शेपट्या पाठ करा. घर, चौक, विमा, परवाना, शाळा, कार्यालय, कार्ड असे वीस पंचवीस शब्द डचमध्ये हजारो जोडशब्दांच्या शेवटी येतात. शेपूट ओळखली की सांधा उघडा पडतो. शिवाय आर्टिकलही (नामाआधीचं 'द' किंवा 'हेत') फुकटात मिळतं कारण ते शेवटच्या शब्दावरून ठरतं, हॉस्पिटल (झीकन-हाउस, शेवटी घर) 'हेत' कारण घर (हाउस) 'हेत', आपल्याकडे राजवाडा 'तो' कारण वाडा 'तो', तसंच.

सांधा चुकला तर काय होतं याची डच लोकांनाही मजा वाटते, त्यांच्याकडे अशा शब्दांच्या याद्याच असतात. एकच स्पेलिंग, एका जागी तोडलं तर देइक-रम्प म्हणजे बांध फुटल्याचं संकट, एक व्यंजन पुढे सरकवलं तर देइ-क्रम्प म्हणजे मांडीत आलेला गोळा. क्वर्त-स्लाखन म्हणजे पाव वळसे, क्वर्त्स-लाखन म्हणजे गारगोटीचे थर. मसाझ-बेत हा मसाजचा पलंग, तीच अक्षरं मसा-ख-बेत अशी वाचली तर सामुदायिक प्रार्थना, इथे तर नुसता सांधा नाही, आवाजही बदलतात. माझं लाडकं मात्र भाजीच्या दुकानातलं: केर्स-तोमात्यस म्हणजे चेरी टोमॅटो, आणि मी पहिल्या डिसेंबरमध्ये पाटी वाचली केर्स्त-ओमात्यस, म्हणजे ख्रिसमसच्या छोट्या आज्या. ख्रिसमसचेच दिवस होते, त्यामुळे मला ते अगदी शक्य वाटलं.

कधी कधी स्पेलिंगच सांधा दाखवतं, ते हेरा. डचमध्ये दोन स्वर एकमेकांवर आदळून वाचायला घोटाळा होणार असेल तर दोन खुणा आहेत. शब्द जोडलेला असेल तर मध्ये छोटी आडवी रेघ येते, जसं कारचा अपघात, 'औतो-ऑनखलुक. शब्द जोडलेला नसेल, नुसता प्रत्यय लागलेला असेल तर स्वरावर दोन टिंबं येतात, जसं समुद्र या शब्दाचं अनेकवचन. म्हणजे रेघ दिसली की सांधा, टिंबं दिसली की सहसा एकच शब्द. 'सहसा' म्हटलं कारण आकडे वेगळे वागतात, बावीस हा उघड दोन आणि वीस जोडून केलेला शब्द असूनही तिथे टिंबंच असतात.

सांध्यावर अजून एक गोष्ट घडते जी कोर्सच्या पुस्तकात क्वचित नीट सांगतात, आणि तुमच्या यादीतलं संध्याकाळचं जेवण त्याचंच उदाहरण आहे. डच शब्दाच्या शेवटी द लिहिला तरी त ऐकू येतो. संध्याकाळ, शेवटी लिहिलाय द, म्हणतात आव्हॉन्त. अनेकवचनात पुढे स्वर आला की तो द परत जागा होतो, आव्हॉन्दन. आता जेवण जोडलं, पुढे स्वर आहे, मग द जागा व्हायला हवा? होत नाही. 'आव्हॉन्त-एतन. कारण सांध्यापाशी डच कानाच्या लेखी शब्द संपला. भराभर बोलताना तो त पुढच्या ए ला चिकटल्यासारखा वाटेल पण त्याचा द होणार नाही. तुम्ही बहुधा 'आव्हॉन-देतन' म्हणत असणार, आणि ऐकणाऱ्याला त्यात संध्याकाळही सापडत नाही, जेवणही नाही.

पुढे व्यंजन असेल तर मात्र शेजाऱ्याची छाया पडते. फुटबॉल म्हणजे फूत अधिक बल, पण ब च्या शेजारी त चा द होतो, ऐकू येतं 'फूद-बल. रुमाल म्हणजे झक अधिक दूक, म्हणतात 'झग-दूक. उलट व्हॅक्यूम क्लीनरमध्ये दुसऱ्या शब्दाच्या झ चा पहिल्याच्या फ मुळे स होतो, 'स्तॉफ-साउखर. बालसंगोपनातला फंग सुटा असता तर व्ह च्या जवळ जाणारा आवाज असता, प च्या मागे आल्याने स्वच्छ फ झाला. हे पाठ करू नका, मराठीतही 'एकदा' पटकन म्हणताना 'एग्दा' होतंच की, तोंड आपोआप करेल. फक्त कुणी तसं म्हटलं तर वेगळा शब्द समजू नका.

आणि एक आपल्या लोकांची खास चूक, जोडाक्षराची. पाव भाजणाऱ्या बेकरला डचमध्ये बकर म्हणतात, स्पेलिंगमध्ये क दोनदा आहे आणि लिहिताना तोडायचा तर दोन क च्या मधून तोडतात, पण बोलताना क एकच. आपण कच्चा, पक्का, चिक्कू वाले, दोन अक्षरं दिसली की 'बक्कर' म्हणून ठोकतो. डचमध्ये ते दुसरं अक्षर फक्त सांगतं की आधीचा स्वर आखूड आहे. तुमच्या निवास परवान्यातही तेच, परवाना म्हणजे फरखुनिंग, त्यात 'खुनिंग' म्हणा, 'खुन्निंग' नको.

आता स्ट्रेस. टीचरने सांगितलं 'पहिल्यावर', ते अर्धं बरोबर आहे. जोर पहिल्या *शब्दावर*, पहिल्या *सिलॅबलवर* नाही. त्या पहिल्या शब्दाचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथेच तो राहतो आणि सगळ्या जोडशब्दाचा मुख्य जोर तोच बनतो. निवास म्हणजे फर-'ब्लेइफ, कारण डचमध्ये ब, ख, फर, ऑन्त असे जे छोटे उपसर्ग आहेत ते जोर घेतच नाहीत. त्याला परवाना जोडला तरी जोर ब्लेइफवरच: फर-'ब्लेइफ्स-फर-खु-निंग. तुम्ही 'फर वर हाणताय म्हणून ऑफिसवाल्यांना कळत नाहीये, मला तरी दुसरं कारण दिसत नाही. टॅक्स रिटर्न ब-'लस-तिंग-आन-खिफ-त, नगरपालिकेची इमारत ख-'मेन-त-हाउस. उलट तुमची परीक्षा: 'इन-बुर-ख-रिंग्स-एक-सा-मन, इथे पहिलाच तुकडा जोरदार कारण 'इन' हा सुटा होऊ शकणारा उपसर्ग आहे आणि तसले जोर खेचून घेतात. मधला तो स मागच्या शब्दाचा, पुढच्याचा नाही, 'रिंग्स' म्हणून थांबा मग एक्सामन घ्या.

दुसऱ्या शब्दाचा जोर मरत नाही, फक्त खाली बसतो. टॅक्स रिटर्नमध्ये 'आन' वर हलका जोर राहतोच, तो स्वर गिळायचा नाही. आपली अडचण अशी की मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने टाकतो, आणि जोर द्या म्हटलं की नुसते ओरडतो. डच जोर म्हणजे फक्त मोठा आवाज नव्हे, तो तुकडा थोडा लांबवायचा आणि सूर हलवायचा. मी क्लासमध्ये तबल्यावरून सांगते, समेवर टाळी आली पाहिजे, बाकीच्या मात्रा चालू राहतात पण सम एकच. शब्द म्हणताना त्या एका तुकड्याला टेबलावर थाप मारा, पंधरा दिवस मारा, लोक हसले तर हसू द्या.

हा जोर नुसता उच्चाराचा नखरा नाही, अर्थ त्यावर टांगलेला असतो. माझ्या एका विद्यार्थ्याची आई पुण्याहून आली होती, उत्साहाने चार वाक्यं शिकली, बागेत नातवाकडे बोट दाखवून शेजारच्या बाईला म्हणाली, हे माझं क्लेइन 'किंत. म्हणजे लहान मूल. तिला म्हणायचं होतं 'क्लेइन-किंत, नातवंड. शब्द तेच दोन, सुटे असले की जोर दुसऱ्यावर, जोडले की पहिल्यावर. बाई चकित झाल्या, या वयात लहान मूल! क्रियापदांत तर हे फार. 'फोर-कोमन म्हणजे आढळणं, घडणं, आणि फोर-'कोमन म्हणजे होऊ न देणं, टाळणं, जवळपास उलटच. 'ओव्हर-द्रेइव्हन म्हणजे ढग सरकून जाणं, ओव्हर-'द्रेइव्हन म्हणजे अतिशयोक्ती करणं. 'फेर-स्प्रिंगन ही लांब उडी, फर-'स्प्रिंगन म्हणजे जागा बदलणं. घोटाळा होईल असं वाटलं तर डच लोक लिहितानाही जोराच्या स्वरावर तिरकी रेघ देतात, ती दिसली की समजा लेखकाने दया केली.

अपवाद आहेतच, आणि नेमके रोजच्या वापरात आहेत. तुमच्या यादीतली नगरपालिकेची इमारत तुम्ही कुठल्या शब्दाने लिहिली होती ते बघा. ख-'मेन-त-हाउस असेल तर वर सांगितलं तसं. पण तुम्ही शहरात आहात, बोर्डावर बहुतेक दुसरा शब्द असेल, स्तत-'हाउस, आणि तिथे जोर दुसऱ्या शब्दावर. अर्थ एकच, शेपूट एकच, जोर वेगळा. आत बसतो तो महापौर, बुर्ख-'मेस-तर, त्याचाही दुसऱ्यावर. असं का, याचं दर वेळी समाधानकारक उत्तर देता येत नाही, जुने रुळलेले शब्द आपापल्या चालीने चालतात, हे दोन पाठच करा. रस्त्यांच्या नावांत मात्र एक गंमतशीर शिस्त आहे. नाव 'स्त्रात' (रस्ता) ने संपत असेल तर जोर सुरुवातीला, आम्स्टरडॅमचा बाजाराचा रस्ता 'कल्व्हर-स्त्रात. कालवा किंवा चौक असेल तर शेवटच्या शब्दावर, प्रिन्सन-'ख्रख्त, लेइत्स-'प्लेइन. गावांची नावं मला विचारू नका, आइंडहोव्हनला जोर सुरुवातीला आणि आम्स्टलव्हेनला शेवटी, ज्या गावात राहता त्याचं नाव तिथल्या माणसाकडून ऐका. आम्स्टरडॅमच्या विमानतळाच्या नावात सांधा तरी सांभाळा, आपले लोक त्यातली p आणि h ही दोन अक्षरं इंग्रजीसारखी एकत्र करून फ वाचतात, ते स्खिप अधिक हॉल आहे, प आणि ह वेगवेगळे.

अजून एक सापळा, प्रत्यय. काही प्रत्यय लागले की जोर उठून त्यांच्या शेजारी येऊन बसतो. अपघात किंवा दुर्दैव म्हणजे 'ऑन-ख-लुक, त्याचं विशेषण ऑन-ख-'लु-कख. लक्ष म्हणजे 'आन-दख्त, लक्षपूर्वक म्हणजे आन-'दख-तख. तेव्हा नाम येतं म्हणून विशेषण येईलच असं धरू नका.

कुठे कुठे माझं म्हणणं जसंच्या तसं लागू होणार नाही तेही सांगते. बेल्जियमचे डच भाषक काही शब्दांवर जोर वेगळा ठेवतात. फरक दाखवायचा असेल तर कुणीही जोर हलवतो, आपण नाही का म्हणत, 'घरकाम नाही हो, घर*भाडं* म्हणाले', तसं. आणि सांध्यावर जो 'न' हा आवाज लिहिलेला असतो, हॉस्पिटलच्या शब्दात आहे तो, 'झीकन-हाउस, तो देशाच्या बऱ्याच भागात बोलतच नाहीत, 'झीक-हाउस ऐकू येतं, शेवटचा अ हलका. ईशान्येकडे मात्र न स्पष्ट येतो आणि आधीचा अ गिळतात. पॅनकेकच्या स्पेलिंगमध्ये 1995 च्या सुधारणेने असा एक न घातला, त्यावर लोकांनी केवढी हुज्जत घातली, पण उच्चार कुणाचा बदलला नाही. तेव्हा न म्हणू की नको यावर झोप घालवू नका, जोरावर घालवा.

सराव कसा करायचा ते विचारलंत. मी असं करायला लावते: शब्द मागून झाका, शेपूट ओळखा, उरलेला भाग ओळखीचा आहे का बघा. असेल तर तो एकटा दोनदा म्हणा, त्याच्या स्वतःच्या जोरासकट. मग शेपूट एकटी म्हणा. मग दोन्ही जोडा, पहिल्याची थाप तशीच ठेवून शेपटीची थाप अर्धी करा. तीन शब्द असले तरी बहुतेक वेळा असंच, बालसंगोपनाला भत्ता जोडून जो सरकारी शब्द होतो त्यातही थाप पहिल्या 'किन वरच. सिलॅबल मोजायची वेळच येत नाही, आणि मोजलेच तर सांध्याच्या आत मोजा, सांधा ओलांडून नको. उरलेला भाग ओळखीचा नसेल तर डिक्शनरी उघडा, अंदाजाने तोडू नका, चेरी टोमॅटोची गोष्ट वर सांगितलीये. आणि रेकॉर्ड करून ऐका, इंटिग्रेशनच्या परीक्षेतही बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्डच होतं, समोर मान हलवणारं कुणी नसतं.

राहिलं तुमचं रेल्वे फाटक. यात तीन नाही, आधी दोनच तुकडे आहेत: रेल्वेमार्ग आणि ओलांडण्याची जागा. रेल्वेमार्ग स्वतः 'स्पोर अधिक वेख, जोर स्पोरवर. ओलांडण्याची जागा 'ओव्हर-खंग, जोर ओ वर. वेखचा ख मागेच ठेवायचा, पुढच्या ओ ला द्यायचा नाही. म्हणजे 'स्पोर-वेख, पाऊलभर थांबा, मग ओव्हर-खंग, ओ वर हलकी थाप.